ओला डग्गा

देवणीच्या बैलबाजारात संगमेश्वर दलालाच्या तोंडाकडे बघून भाव ओळखील, असा माणूस अजून जन्माला यायचाय. पन्नाशी उलटलेली, अंग भरलेलं, मिशा भरघोस आणि खांद्यावर कायम एक पंचा. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभा राहून तो दोघांचे हात आळीपाळीने त्या पंच्याखाली घेतो. आत बोटं बोलतात. किती बोटं धरली, कुठलं दाबलं, यावरून आकडा समजून घ्यायचा. भोवती पन्नास माणसं टक लावून बघत असतात, की आता तरी संगाप्पाची भुवई हलेल, ओठ मुडपले जातील. काही म्हणता काही हलत नाही. आता बैलांचे फोटो मोबाइलवर फिरतात, भावही फिरतात, पण मोठा सौदा म्हटला की लोक अजून त्याचाच पंचा शोधत येतात.

हे तोंड त्याच्या बापाने घडवलं. लहानपणी घरचा पवळ्या विकायला काढला, तेव्हा संगमेश्वर भर बाजारात भोकाड पसरून रडला. एवढ्या जिवाचं जनावर विकतायत म्हणजे घर अडलेलं आहे, हे घेणाऱ्याने हेरलं आणि भाव पाडून बैल नेला. बापाने त्या दिवशी एकच सांगितलं, "दलालाचं तोंड म्हंजे कुलूप. ते उघडं पडलं की धंदा बसला." पोराने कुलूप लावलं ते लावलंच. पुढे बाप गेला तेव्हासुद्धा ह्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. गावाने कौतुक केलं, काय छातीचा गडी म्हणून. कशाचं डोंबलाचं कौतुक! पण पुरुषमाणसाचं कौतुक करायची आपल्याकडे रीतच तशी आहे.

आता खरी गंमत ऐका. दर सोमवारी संध्याकाळी हाच माणूस देवणीजवळच्या आपल्या गावी, मठात भजनाला तबल्यावर बसायचा आणि ढसाढसा रडायचा.

बोटं मुळातच बोलकी, त्यामुळे तबला त्याला चटकन आला. मंडळाचे गायक मडिवाळप्पा. सत्तरी ओलांडलेले, किराणा दुकानदार, काटकुळे, पण आवाज असा की मठाच्या बाहेर चपला काढणारा माणूस तिथेच थबकावा. त्यांच्या आजोबांनी रचलेलं एक पद होतं. त्यात म्हातारा बैल महादेवाला विनवतो, की देवा, जन्मभर तुझं ओझं वाहिलं, आता मला विकू नकोस.

थकला नंदी, दारी राहू दे,
बाजार नको रे शंभो

एवढी ओळ आली की संगमेश्वरचं कुलूप गळून पडायचं. जन्मभर ज्याने बैल विकले, त्यालाच हे पद लागावं, यात नवल ते काय? पंचाईत अशी, की तबला वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. डोळे पुसणार कशाने? पाणी मिशांवरून ओघळून थेट डग्ग्यावर. तिसऱ्या कडव्यापर्यंत डग्ग्याची पुडी ओली होऊन आवाज बसायचा. मंडळातली सात-आठ माणसं बारा वर्षं हे बघत होती आणि एकानेही गावाबाहेर शब्द जाऊ दिला नव्हता. बायको शिवगंगा मात्र घरी आल्यावर डग्गा चुलीजवळ शेकायला ठेवायची आणि हसायची. "अवो, बाजारात दोन पैसं कमवता आन हितं पुडी सडवता."

बसवेश्वर जयंतीला देवणीत भजनस्पर्धा ठरली आणि मडिवाळप्पांनी कोणाला न विचारता मंडळाचं नाव देऊन टाकलं. मांडव कुठे, तर बैलबाजाराच्या मैदानात. ऐकायला कोण, तर सगळे व्यापारी, शेतकरी, दलाल.

संगमेश्वर तडक त्यांच्या दुकानात गेला. "काका, दुसरा तबलजी बगा."

"का रं संगू?"

"तिथं रडलो तर उद्या माझा पंचा कोण धरील? म्हणतील, ह्याचं तोंड तर उघडं हाय."

मडिवाळप्पा म्हणाले, "तू न्हाई तर मी बी न्हाई. थंडीत छाती धरल्यापसनं माझ्या आवाजाचा मलाच भरोसा न्हाई. एकदा चार लोकांत म्हणून बगू दे." म्हाताऱ्याने हात जोडले. संगमेश्वरला हो म्हणावंच लागलं.

संगमेश्वरने उपाय शोधायला घेतले. आधी शेजाऱ्याचा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावून आरशात पाहिलं. शिवगंगा हसून हसून खाली बसली. "चोर दिसायलाव वो!" शेवटी त्याला आपल्याच धंद्यातली युक्ती सापडली. बैलाचं वय दातांवरून सांगतात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला. पद चालू असताना मनातल्या मनात हे दात मोजत बसायचं. गोठ्यात एकट्याने सराव केला. डोळे कोरडे ठणठणीत.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान फुललं होतं. पहिल्याच रांगेत भोकरचे बापूसाहेब बसलेले. मोठे बागायतदार, दरवर्षी देवणी बैलांच्या दोन-तीन जोड्या नेणारे, आणि सौद्याला असे चिवट की दलाल त्यांना बघून पाणी पिऊन घ्यायचे. संगमेश्वरने त्यांना पाहिलं आणि तोंडाला कुलूप ठोकलं.

पद सुरू झालं. पहिलं कडवं छान गेलं. आदत, दोन दाती, चार दाती. "थकला नंदी" आलं आणि गेलं, तबला ठणठणीत वाजत राहिला, मिशी कोरडी. आपण जिंकलो, असं संगमेश्वरला वाटलं.

तेवढ्यात मडिवाळप्पांनी नेहमीप्रमाणे मान वळवून त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या कडव्यात त्यांचा आवाज कापला. पुन्हा बघितलं. तिसऱ्याला सूर चढेचना. म्हातारा मधेच थांबला. पेटीवाला तेवढाच सूर धरून बसला, मांडवात कुजबुज सुरू झाली. मडिवाळप्पा वाकून हळूच म्हणाले, "संगू, गेला का रं माझा आवाज? तुला काईच होईना आज."

संगमेश्वरला आत्ता उमगलं. बारा वर्षं हा म्हातारा आपलं गाणं त्याच्या डोळ्यांत बघत आला होता. डग्गा ओला झाला म्हणजे गळा शाबूत, एवढाच त्याचा हिशेब. आणि आपण मेले दात मोजत बसलो! समोर बापूसाहेब होते, सगळा बाजार होता, बापाने घातलेलं कुलूप होतं. इकडे एक म्हातारा भर मांडवात आवाज हरवून बसला होता.

"आवाज जाग्यावर हाय काका," संगमेश्वर म्हणाला. "मीच दारं लावून बसलो व्हतो. पुन्ना घ्या. पहिल्यापसनं."

मडिवाळप्पांनी पुन्हा धरलं. संगमेश्वरने दात सोडून दिले आणि पद नुसतं ऐकलं. त्याला पवळ्या दिसला, मग बाप दिसला, आणि बापाच्या मातीला जे रडू आलं नव्हतं तेसुद्धा आता आलं. पाणी मिशांवरून डग्ग्यावर टपटपायला लागलं. म्हाताऱ्याने मान वळवली, ते बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू फुललं की काय सांगावं! आवाज जो उठला तो मांडवाच्या कनातीत मावेना. मैदानातल्या बाप्यांचे हात हळूहळू खांद्यावरच्या पंच्यांकडे गेले. कोणाला एकदम घाम आला, कोणाच्या डोळ्यांत चिलट गेलं. चिलटं फार झाली होती त्या दिवशी देवणीत.

बक्षीस काही मिळालं नाही. परीक्षकांनी मधे थांबल्याचे गुण कापले, वर "डग्ग्याचा नाद बसला होता" असा शेरा मारला. परतीच्या जीपमध्ये तो शेरा ऐकून मंडळ गडागडा हसलं, आणि मडिवाळप्पा घर येईपर्यंत गात होते. संगमेश्वर त्यांना टाळी देत होता, आणि मधूनच पुढच्या बाजाराचा विचार येऊन त्याची टाळी चुकत होती.

बाजाराचा दिवस उजाडला. शिवगंगाने धुतलेला पंचा त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "जावा. बैल काय म्हणत न्हाईत तुमाला." बाजारात दोन-तीन टवाळांनी डोळे पुसायची नक्कल केलीच. संगमेश्वर न बघता पुढे गेला. दुपारी एका चार दाती जोडीपाशी भोकरचे बापूसाहेब उभे दिसले. त्याला बघताच त्यांनी बोटाने खूण केली.

बैलांच्या मालकाचा आकडा घेऊन झाला. मग संगमेश्वरने पंचा पसरला आणि बापूसाहेबांचा हात आत घेतला. भोवती कडं जमलं. तो बोट दाबलं जायची वाट बघत राहिला. बोट दाबलं गेलं नाही. बापूसाहेबांनी त्याचा सबंध पंजा आपल्या पंजात घेतला, घट्ट धरला आणि धरूनच ठेवला. बाहेर त्यांचं तोंड दगडासारखं, नजर बैलाच्या खुरांवर. हात मात्र सुटेना. संगमेश्वरनेही तो तसाच धरून ठेवला. पन्नास माणसं टक लावून बघत होती, केवढा मोठा आकडा चाललाय म्हणून.

शेवटी बापूसाहेबांनी खुरांवरची नजर न काढता विचारलं, "तुमच्या मठात भजन कोणत्या वारी असतं?"

"सोमवारी, मालक."

"हं." आणि मग त्यांनी पहिलं बोट दाबलं. आकडा फार कमी होता. संगमेश्वरची भुवईसुद्धा हलली नाही.