वाजती पायताणं

नवऱ्याची पायताणं मी आमच्या गवळ्याला दान दिली, ही माझी चूक. ऐकायला पुण्यकर्म वाटतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पंचेचाळिशीची होते आणि जगातली सगळी अक्कल आपल्याच पदराला बांधलेली आहे, अशी माझी समजूत होती.

ती पायताणं ह्यांनी ओळखीच्या कारागिराकडून मुद्दाम वाजती करून घेतलेली. पाऊल टाकलं की कर्र. पहाटे दाराशी ती करकर झाली की अंगणातला कुत्रा उठायचा आणि दोघं पंचगंगेवर जायचे. घाटापासून उसाच्या कडेकडेनं वर बंधाऱ्यापर्यंत. मला बोलवायचे. “नदी काय रोज वेगळी दिसते का?” म्हणून मी कूस बदलायची. फार शहाणी होते ना.

ते गेले. तेराव्याला छत्री, काठी, पायताणं द्यायची असतात. दिरांनी भटजींचं नाव काढलं. मी म्हटलं, “भटजींचं पाऊल केवढंसं. माळ्यावर पडून राहतील.” गल्लीच्या तोंडाला गोठा असलेला गवळी ह्यांच्याच वयाचा, ह्यांच्याच मापाचा. त्याला दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी, कपाळ मोकळं होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तरी स्वतःवर खूश.

दुसऱ्या दिवशी पहाटे, इतके दिवस फाटकाशी मुटकुळं करून पडलेला कुत्रा ताडकन उठला आणि फटीतून सटकला. मी तशीच मागं धावले. घाट उतरेपर्यंत तो दिसेनासा झाला होता. बऱ्याच वेळानं उसाच्या वळणावरून तो परत आला, सावकाश, जमीन हुंगत.

मग हे रोजचंच झालं. तो पुढं पळायचा, मी मागून चालायची. नदीवर धुकं, चिखलात म्हशींच्या खुरांचे ठसे, उसाला तुरे आलेले. माणूस म्हणून भेटायचं नाही. त्या वाटेवर मला रडता यायचं. घरात सासूबाईंसमोर यायचं नाही. शेजारणी कुजबुजल्या, तेव्हा कुत्र्याचं निमित्त उपयोगी पडलं.

आणि मी काय समजले? कुत्रा सावरला. जावेला सांगितलंसुद्धा, “बघ, पिल्लासारखा पळतो. जनावराचं बरं असतं, चार दिवसांत विसरतं.” मला त्याचा रागच यायचा. माझ्याआधी ह्याचं दुःख संपलं म्हणून. तो भाकरीला तोंड लावत नव्हता, बरगड्या वर आल्या होत्या, ते मला दिसत होतं. पण दमून येतो म्हणून खात नसेल, असा मी त्याचा अर्थ लावला. पुढं मात्र त्यानं दूधही टाकलं. ह्यांच्यामागं एवढा एकच उरलाय, हाही गेला तर, असं वाटायला लागलं.

संध्याकाळी दूध आणायला गोठ्यावर गेले. गवळी अनवाणी बसून धार काढत होता. मान वर न करता म्हणाला, “वैनी, सकाळचं कुत्रं बांधून ठेवा की.”

“का हो? म्हशी बुजतात?”

“म्हशी कशाला बुजत्यात.”

“मग चावलं का कुणाला?”

“चावत न्हाय. बघतंय नुस्तं.”

“बघण्यावर कुणी बंदी घालतं का?” मी ठसक्यात म्हणाले आणि किटली उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. कुत्र्याच्या अंगात पळायचं बळ उरलं नव्हतं, तो माझ्या पायांशीच चालत होता. वळणाजवळ आलो आणि उसापलीकडून आवाज आला. कर्र. कर्र. तीच लय, उजवं पाऊल जरा जास्त वाजणारं.

कुत्र्यानं कान टवकारले आणि तो धावला. मीही धावले. डोक्यात काही आलंच नाही. पदर सावरला, चिखलात चप्पल अडकली ती तिथंच सोडली आणि हाक मारली, “अहो, थांबा, मी आलेय.”

म्हशींच्या मागं चालणारा माणूस थांबला आणि वळला.

कुत्रा त्याच्या पायाशी पोचला होता. शेपूट हलत होती. मग त्यानं मान वर केली, गवळ्याच्या तोंडाकडं पाहिलं. शेपूट थांबली. मीही त्याच तोंडाकडं पाहत होते.

म्हशी पुढं पाण्यात उतरल्या. गवळ्यानं वाकून पायताणं काढली, तळाचा चिखल गवताला पुसला आणि जोडीनं माझ्यासमोर ठेवली.

“घेऊन जावा, वैनी. ह्ये रोज पळत येतंय, माझ्या तोंडाकडं बघतंय आन् माघारी जातंय. म्हटलं मुकं जनावर हाय, कळंल कवातरी. आता तुमीबी पळत आलासा. मी आपला अनवाणीच बरा हाय.”