स्मारकं बघत फिरणारी जीप

देवदर्शनाला गेलं की फोटो साठतात. सैनिकांची स्मारकं बघत फिरलं की किस्से! ओतूरच्या शाळेत एका वर्गात शिकलेले आम्ही तिघं: मी, जीपवाला सोपान आणि फौजेतून रिटायर झालेला बबन सुभेदार. थंडी पडली की सोपान दारात हॉर्न वाजवायचा आणि आम्ही जुन्नर-आंबेगावातलं एखादं गाव गाठायचो. आता सोपान गेला, जीपही विकली. गप्पांत मात्र तो अजून स्टिअरिंगवरच असतो.

*

पहिल्या महायुद्धाला गेलेल्या गावकऱ्यांचा दगड शोधत होतो. सापडला, तर त्याच्यापुढं म्हैस बसलेली!

बबन भडकला, "लढाईवर गेलेल्यांचा दगड हाय ह्यो!"

म्हशीचा मालक शांतपणे म्हणाला, "भाऊ, माझा पणजाच गेल्ता त्या लढाईला. ही त्याच्याच म्हशीची पणती!"

मग काय, म्हशीसकट फोटो काढला.

*

बबन प्रत्येक स्मारकाला कडक सॅल्यूट ठोकायचा. एकदा चष्मा जीपमध्येच राहिला. हार घातलेला संगमरवरी दगड दिसला आणि ह्यानं टाच आपटली!

सोपाननं मोठ्यानं वाचलं, "नळ-पाणी योजनेचं उद्घाटन."

बबननं हात खाली घेतला नाही. तसाच शेजारच्या बाईला विचारतो, "ताई, नळाला पाणी येतं का?"

"रोज येतंय की!"

"मग बरोबर हाय सॅल्यूट!"

*

बोरी बुद्रुकच्या बाजूला एक वीरगळ बघितला. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा जुना, झिजलेला दगड. एक आजी त्याला तेल लावत होत्या.

सोपान म्हणाला, "आजी, ह्यो देव नाय, सैनिक हाय."

"आसू दे की! देवाला समदं गाव तेल घालतंय. ह्याला कोण हाय?"



*

भीमाशंकरच्या रस्त्याला, आत एका वाडीत, मेंढ्यांच्या वाड्याशेजारी एका जवानाचा अर्धपुतळा आहे. पौषातली संध्याकाळ, झोंबरा वारा. त्याची म्हातारी आई पुतळ्याच्या खांद्यांवर घोंगडी टाकत होती.

सोपान हळूच म्हणाला, "आई, पुतळ्याला कसली थंडी?"

"बर्फात गेला माझा," ती म्हणाली. "घोंगडी घिऊन जा म्हणलं, तर म्हणला, तिकडं समदं मिळतंय, आये."

बबन पुढं झाला. घोंगडीची कड धरून त्यानं ती पुतळ्याच्या डोक्यापर्यंत वर ओढली, नीट बसवली.

"आई, कानावरनं घेत जा," तो म्हणाला. "तिकडं आधी कानच गारठत्यात."