सातवी सही

अर्जाचा मजकूर माझाच. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

सोलापूर रस्त्याला आमची सोसायटी. तिथल्या बायकांचा गट मी चालवते. दर शनिवारी चारला क्लबहाउसमध्ये जमतो. आमच्यात कुणी काकू नाही, मॅडम नाही, सगळ्या ताई. बी विंगमध्ये भाड्याने राहणारी, लोणी काळभोरकडच्या कॉलेजात फिजिओथेरपी शिकणारी टांझानियाची मुलगीही मला ताईच म्हणायची. माझा गुडघा तिनेच ताळ्यावर आणला.

बसस्टॉपपासून गेटपर्यंतचा रस्ता अंधाराचा. तिथे टवाळ पोरं आमच्यावर शिट्ट्या मारायची; तिच्यावर शिट्ट्या आणि वर रंगावरून घाणेरड्या हाका. गटात तिने एकदा हिंदीत सांगितलंही, "तुम्हाला त्रास झाला की लोक म्हणतात, बिचारी बाई. मला झाला की म्हणतात, ही असलीच." आम्ही माना डोलावल्या, चहा घेतला आणि सोसायटीच्या कमिटीला अर्ज लिहायला बसलो.

दिवे मागितले, कॅमेरे मागितले, आणि शेवटी मी एक ओळ घातली: संशयास्पद भाडेकरूंना सोसायटीत ठेवू नये. माझ्या डोळ्यांपुढे सी विंगच्या गच्चीवर बाटल्या फोडणारं टोळकं होतं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. मी सांगितलं, दिवे, कॅमेरे, वगैरे. पहिली सही माझी. सातवी तिची, गोल, ठसठशीत.

महिन्याभराने तिच्या घरमालकाला कमिटीचं पत्र गेलं. आठ दिवसांत फ्लॅट खाली करा, महिलांची मागणी आहे. तिची परीक्षा तेराव्या दिवशी संपणार होती.

माझं डोकंच फिरलं. तशीच उठून अध्यक्षांकडे गेले. ज्यांच्या शेतावर सोसायटी उभी राहिली, त्या घरातले हे. आदराने बसवलं, पाणी दिलं, अर्ज पुढे ठेवला.

"ताई, पहिली सही तुमचीच हाय."

"अहो, पण ती संशयास्पद कशी? काय केलंय तिनं?"

"केलं काय न्हाई. पण लोक बोलत्यात. तिच्यासारख्याच मैत्रिणी येत्यात, मोठ्यानं हसत्यात."

"मग आमच्या काय रडतात? अहो, ती आमच्यातली आहे! तिनंसुद्धा सही केलीय."

त्यांनी पान उलटलं, सातव्या सहीवर बोट ठेवलं. "मग झालंच की. त्यांचीबी हरकत न्हाई."

तीस वर्षं मोर्चे काढले, हातातला माइक सोडला नाही, आणि तिथून हात हलवत परत आले.

गटातल्या एकेकीला फोन केला, म्हटलं, लिहून द्या की ती ओळ या मुलीसाठी नव्हती. एकीला मिस्टरांना विचारायचं होतं. दुसरी म्हणाली, "मुलगी गोड आहे हो, पण त्या लोकांचं काही सांगता येत नाही." त्या लोकांचं म्हणजे कुणाचं, विचारलं, तर म्हणे मी उगाच शब्दात पकडते. शेवटी माझ्या एकटीचंच पत्र दिलं. पोच मिळाली, पत्र फाइलला लागलं. बास.

सातव्या दिवशी ती दारात आली. "ताई, परीक्षा संपेपर्यंत तुमच्याकडे राहू? पाचच दिवस."

माझी एक खोली रिकामीच असते. पण फ्लॅट लेकाच्या नावावर. बायकांना घसा फोडून सांगत आले, घर नावावर करून घ्या गं, माझंच राहिलं. त्याला बंगळूरला फोन लावला. "आई, नसती भानगड कशाला? तुझी चळवळ घराबाहेर ठेव ना." दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा त्याने फोन उचलला नाही.

तरीही मी 'ये' म्हणू शकले असते. हे तेव्हाही कळत होतं. लाज वाटते सांगायला, पण म्हणाले नाही.

ती चिडली नाही. खाली बसून माझा गुडघा वाकवून पाहिला, व्यायाम सोडू नका म्हणाली. मग विचारलं, "त्या कागदावर आणखी काय होतं, ताई? तुम्ही वगैरे म्हणाला होतात."

मी शेवटची ओळ हिंदीत सांगितली.

"तेव्हाच वाचून दाखवायची होती," ती म्हणाली. "मी लगेच सांगितलं असतं, ही मी आहे."