उसाच्या नोंदवहीत माझं नाव

कारखान्याच्या शेतकी खात्याचे काका आमच्या दारात आले तेव्हा त्यांच्या काखेत तेच लाल कापडी पाठीचं लांबडं रजिस्टर होतं, उसाच्या नोंदीचं. त्या वर्षी नोंदवायला ऊस नव्हता. केज तालुक्यात सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं, सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नव्हता. गावोगाव फिरून कुणाच्या रानात किती ऊस उभा आहे ते लिहून आणणारी शेतकी खात्याची माणसं रिकामी बसली होती. चेअरमन साहेबांना रिकामी माणसं बघवत नसत. साहेबांचं एक कॉलेजही होतं, आणि त्या वर्षी तिथलीही आवक घटली होती.

"बारावी झाली न्हवं पोरीची?" काकांनी वडिलांना विचारलं.

"झाली की."

"मंग लिव्हतो. बीए, पहिलं वरीस."

"तिला औरंगाबादला जायचं हाय. अर्थशास्त्राला."

"अर्थशास्त्र आपल्याकडं बी हाय. लांब कावून जायचं?" काकांनी पेनाचं टोपण काढलं. "नुसती नोंद करून ठिवू, अण्णा. नोंद केली म्हंजे काय तोड आली का?"

वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कारकून होते. हंगामच नसेल तर हंगामी कारकुनाचं काय करायचं, याची यादी तेव्हा ऑफिसात तयार होत होती. काही जणांना देखभालीच्या कामावर ठेवणार होते, बाकीच्यांना घरी बसवणार होते. वडिलांनी सही केली. माझी मूळ गुणपत्रिकाही दिली, कारण काका म्हणाले, झेरॉक्स काढून माघारी देतो.

त्या काळी एका कारखान्याच्या हद्दीतला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालता येत नसे. त्याला झोनबंदी म्हणत. मुलांची झोनबंदी कुठल्या कायद्यात नव्हती, पण रजिस्टर तेच होतं आणि रकानेही तेच. माझ्या नावापुढे 'क्षेत्र' या रकान्यात काकांनी 'कला शाखा' लिहिलं.

मला अर्थशास्त्र का हवं होतं, हे मी तेव्हा कुणाला धड सांगू शकले नसते. दहावीत असताना वडिलांबरोबर कारखान्याच्या वार्षिक सभेला गेले होते. अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सभासद हाच या कारखान्याचा मालक. सभासद मांडवात सतरंजीवर बसले होते. त्यांनी नेमलेले साहेब मखमली सोफ्यावर होते. विषय वाचून व्हायच्या आतच मालक लोक 'मंजूर, मंजूर' म्हणून ओरडत होते, कारण पलीकडे बुंदी वाढायला सुरुवात झाली होती. हे असं का चालतं, एवढंच मला शिकायचं होतं.

ते कुठं शिकता येईल, हे मला साहेबांच्याच कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांनी सांगितलं. अकरावी-बारावीला तेच शिकवत आणि बीएलाही तेच. परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये, त्यांनी एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर पाच कॉलेजांचे पत्ते लिहून दिले.

"इमारत बघू नको," ते म्हणाले. "फी बघ, आणि शिकवायला कायमचे किती जण आहेत ते विचार. तासागणिक पैशावर येणारे नव्हे, कायमचे."

मी पाच जोडकार्डं घेतली. जोडकार्ड म्हणजे दोन पोस्टकार्डं एकाला एक जोडलेली. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं उत्तरासाठी, त्याचंही टपाल आपणच आधी भरलेलं. फी आणि वसतिगृहाचा खर्च विचारून पुढं तीन प्रश्न लिहिले. कायम प्राध्यापक किती, हा सरांचा. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, हा माझा. आणि वडिलांनी सुचवलेला तिसरा: वसतिगृहात पाणी आहे का?

दोन कॉलेजांनी काहीच कळवलं नाही. दोघांनी चकचकीत माहितीपत्रकं पाठवली. त्यातल्या एकात पहिली नऊ पानं संस्थापकांच्या फोटोंची होती. संस्थापक फीत कापताना, संस्थापक रोप लावताना, संस्थापक फोनवर. अर्थशास्त्र विषय शेवटून दुसऱ्या पानावर, वाहनतळाच्या खाली. फी त्याहून बारीक अक्षरात होती आणि ती वाचून वडिलांनी चष्मा पुसला.

पाचवं उत्तर माझ्याच कार्डावर आलं, निळ्या शाईत, औरंगाबादच्या एका जुन्या कॉलेजातून. खुद्द विभागप्रमुखांनी लिहिलेलं. फी आम्हाला झेपेल अशी होती. पुढे होतं: "कायम प्राध्यापक तीन, पैकी एक दीर्घ रजेवर. ग्रंथालय आठपर्यंत. पाणी दिवसाआड, बादली आणावी. मूळ गुणपत्रिका व टीसीसह शनिवारी बारापर्यंत यावे, नंतर जागा राहत नाही." कोणता शनिवार, त्याची तारीख खाली होती.

वडिलांनी ते तीनदा वाचलं. "माणूस खरा दिसतो," ते म्हणाले. "रजेचं कुणी सांगितलं असतं का?"

आता गुणपत्रिका आणि टीसी हवी होती. दोन्ही कागद साहेबांच्या कॉलेजच्या लोखंडी कपाटात. सोमवारी गेले तर क्लार्क जेवायला गेला होता. मंगळवारी प्राचार्यांची सही व्हायची होती. बुधवारी क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "शुक्रवारी विद्यापीठाची कमिटी यायलीय. तवर एक कागद बाहेर जायचा न्हाई."

सर व्हरांड्यात भेटले, तेव्हा मी त्यांना औरंगाबादचं कार्ड दाखवलं. एप्रिलपासून ते वाळल्यासारखे दिसत होते.

"कमिटी आपल्याच विषयाची आहे," ते म्हणाले. "पदवीचा अर्थशास्त्राचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते बघायला येतायत. वर्गात मुलं पुरेशी भरली नाहीत तर मी जादा ठरतो."

"किती कमी पडतायत, सर?"

"तू धरलीस तर कमी नाहीत."

ते भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत बोलले. "शुक्रवारी एक दिवस वर्गात बस. संध्याकाळी टीसी घेऊन जा. शनिवारी तू औरंगाबादला."

"आणि हजेरीत नाव?"

"आहे ते. मीच लिहिलंय."

पत्ते लिहून देणारा आणि हजेरीत नाव घालणारा हात एकच होता. मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या घरात दोन लहान मुली होत्या, आणि माझे वडील हंगामी. रात्री वडिलांना विचारलं. "बस एक दिवस," ते म्हणाले. "यादी अजून लागली न्हाई."

शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या मैदानावर टँकरनं पाणी मारलं, कमिटीच्या गाड्यांमागं धूळ उडू नये म्हणून. तो टँकर आमच्या कारखाना कॉलनीत मंगळवारीच यायचा होता. कुंपणापलीकडे कॉलनीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या आणि माती पाणी कसं पिते ते बघत होत्या. मग हार आले, शाली आल्या, तीन नारळ आले. साहेबांनी स्वागताच्या भाषणात पाण्याच्या काटकसरीचा उल्लेख केला.

कमिटीत तिघं होते. दोघं शाल पांघरूनच फिरत होते. तिसऱ्यांनी शाल घडी करून कापडी पिशवीत टाकली. प्राचार्यांनी त्यांची ओळख करून दिली: औरंगाबादहून आलेले, अमुक कॉलेजचे अर्थशास्त्र विभागप्रमुख. ते माझं कॉलेज होतं. माझ्या दप्तरात त्यांचं कार्ड होतं.

वर्गात आल्यावर त्यांनी सरांच्या हातून हजेरीपट घेतला आणि स्वतः नावं वाचायला लागले. सर फळ्याला लागून उभे होते. माझं नाव दहावं होतं. सातवं झालं, आठवं झालं. हजर म्हणावं तर उद्या ज्याच्या टेबलासमोर उभं राहायचं त्याच्याशीच खोटं बोलणं होतं. गप्प बसावं तर टीसी नाही, सरांची नोकरी नाही, आणि वडिलांचं काय ते ऑफिसातल्या यादीवर. दहावं नाव वाचताना ते अडखळले. पुन्हा वाचलं, आडनावासकट. मग त्यांनी वर बघितलं.

"हजर," मी म्हणाले.

त्यांनी खूण केली, पुढची नावं संपवली, पट मिटला आणि माझ्या बाकाजवळ आले.

"इथं अर्थशास्त्राला कायम प्राध्यापक किती?"

"एक, सर."

"ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"सहापर्यंत, सर," प्राचार्य दारातून म्हणाले.

"मी यांना विचारतोय."

एक खोटं बोलून झालं होतं. दुसरं काही जिभेवर येईना. "किल्ली ज्या शिपायांकडं असते ते आज टँकरवर आहेत," मी म्हणाले. "ते असले की उघडतं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं.

"पाणी?"

"आज आलं, सर. मैदानावर मारलं."

आता कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी रुमाल काढला. विभागप्रमुखांनी सरांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. "आणि जे एक प्राध्यापक आहेत, ते शिकवतात?"

सरांच्या हातात खडू होता. तो ते नखानं खरवडत होते.

"शिकवतात," मी म्हणाले. "मी तुम्हाला तीन प्रश्न लिहिले होते. त्यातला पहिला त्यांनी शिकवलाय."

प्राचार्यांना कसले प्रश्न ते कळलं नाही. सरांना कळलं. विभागप्रमुख म्हणाले, "बसा," आणि कमिटी जेवायला गेली.

मी घरी पोचेपर्यंत वडिलांना कॉलनीतल्या तिघांनी सांगून झालं होतं. शेतकीचे काकाही रजिस्टर घेऊन ओट्यावर येऊन बसले होते. त्यांना त्यांच्या आकड्यांची काळजी.

"काय बोललीस तिथं?" वडिलांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं ते सांगितलं."

"पाण्याचं कावून सांगितलंस?"

"खोटं होतं का ते?"

"खरं हाय म्हणूनच इचारतोय."

पाचच्या सुमाराला सर सायकलवरून आले. सायकल भिंतीला न लावता एका हातानं धरूनच त्यांनी खिशातून पाकीट काढलं. आत गुणपत्रिका होती. टीसीही होती, प्राचार्यांच्या सहीची.

"सही कधी केली त्यांनी?" मी विचारलं.

"सकाळीच. कमिटीसाठी गठ्ठ्यानं सह्या चालल्या होत्या. त्यात सरकवली."

"मग दिवसभर..."

"खिशात होती," सर म्हणाले. "द्यावी का न द्यावी, ठरत नव्हतं."

वडिलांनी चहाचं विचारलं. ते नको म्हणाले. सायकल वळवली आणि गेले.

काका रजिस्टर मांडीवर घेऊन तसेच बसले होते. "आता म्या काय लिव्हू? नोंदीचा ऊस गेला कुठं, उत्तर द्यावं लागतं वरती."

नोंदलेला ऊस कारखान्याला आला नाही तर एकच कारण वर चालत असे: शेतकऱ्यानं तो लागवडीच्या बेण्यासाठी दिला. वडील पाकिटाकडे बघत होते.

"बेण्याला गेला म्हणून लिव्हा," ते म्हणाले. त्या दोन महिन्यांत त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. काकांनी खरंच लिहिलं, आणि खाली वडिलांची सही घेतली.

शनिवारी पहाटेची एसटी धरली. वडील बरोबर होते. बीडपर्यंत सगळं वेळेवर. गेवराईच्या अलीकडे वाळूच्या ट्रकांची रांग लागली होती, पुढे दोन ट्रकवाल्यांचं भांडण. गाडी उभी. ड्रायव्हर खाली उतरून भांडण बघायला गेला. वडील दर पाच मिनिटांनी शेजाऱ्याला वेळ विचारत होते, शेवटी त्यानं घड्याळ काढून त्यांच्या हातातच दिलं. साडेनऊ, पावणेदहा, दहा. वाट मोकळी झाली तेव्हा मी पाकीट इतकं घट्ट धरलं होतं की त्याला माझ्या घामाचे डाग पडले.

कॉलेजच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. विभागप्रमुखांनी कागद उलटसुलट बघितले. टीसीवरची तारीख कालची.

"काल तुम्ही तिथं हजर होतात."

"हो, सर."

"ते खोटं होतं."

"हो, सर."

"बाकीचं?"

"बाकीचं खरं."

त्यांनी अर्जावर सही केली आणि तो बाजूच्या कारकुनाकडे सरकवला. "तुमच्या सरांबद्दल मी अहवालात लिहिलंय की ते शिकवतात," ते म्हणाले. "त्या नमुन्यात तसा रकाना नाही. समासात लिहिलंय." मग त्यांची नजर दाराकडे गेली. वडील तिथं नवी बादली धरून उभे होते.

वडिलांना काही झालं नाही. देखभालीच्या यादीत त्यांचं नाव आलं. साहेबांना आम्ही कोण ते माहीतच नव्हतं. ज्यांच्या भीतीनं आम्ही महिनाभर हळू आवाजात बोललो, त्यांनी आमचं नाव कधी ऐकलंही नव्हतं.

सर मात्र पुढच्या जूनमध्ये जादा ठरले. समास कुणी वाचला नसावा. त्यांना साहेबांच्याच संस्थेच्या आष्टीकडच्या एका शाळेत पाठवलं. पत्ता मिळवून मी त्यांना जोडकार्ड लिहिलं. दुसरं काय लिहावं सुचेना, म्हणून तेच तीन प्रश्न लिहिले.

दहा दिवसांनी उत्तर आलं. "शिक्षक एक, मीच. भूगोल शिकवतो. ग्रंथालय म्हणजे एक कपाट, किल्ली माझ्याकडे, मुलं मागतील तेव्हा उघडतो. टँकर मंगळवारी, आला तर." त्याखाली जागा संपत आली होती, तिथं अक्षर बारीक करून लिहिलं होतं: "तुमचे रजेवरचे प्राध्यापक आले का?"