वाकळीतले टाके

कुणी मला सांगितलं की कॉम्प्युटरमधली फाईल आपोआप बदलली, तर मी आधी विचारते की पासवर्ड कोणाकोणाकडे आहे? अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवतेय. अंगात येणं, झपाटणं, असल्या गोष्टी घरात कधी कुणी मानल्या नाहीत आणि मीही नाही. त्यामुळे हे लिहायला बसताना थोडी लाज वाटतेय... पण जे पाहिलं ते तिघाचौघांनी पाहिलंय, म्हणून लिहिते.

माधुरी माझी कॉलेजातली मैत्रीण. होस्टेलला आम्ही एका खोलीत होतो. ती पाच वर्षांची असताना तिची आई गेली होती, त्यामुळे शनिवारी मी दर्यापूरला घरी निघाले की तीही बॅग भरायची. माझी माय तिला जेवू घालायची, केसांना तेल लावून वेणी घालून द्यायची. पुढे लग्न होऊन ती अकोल्याला गेली, तरी दिवाळीनंतरची एक चक्कर तिने कधी चुकवली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात आलं की वऱ्हाडातल्या जुन्या गोधड्यांचं ऑनलाईन प्रदर्शन करायचं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. नुसते फोटो नाहीत... मोबाईलवर दोन बोटांनी चित्र मोठं करत जावं आणि शेवटी एकेक टाका, दोऱ्याचा पीळसुद्धा दिसावा असं. तांत्रिक बाजू माझी होती. गोधडी सपाट टेबलावर अंथरायची, वर स्टँडला कॅमेरा, आणि इंच-इंच सरकवत साठ-सत्तर फोटो. मग ते सगळे जोडून एक प्रचंड मोठं चित्र बनवायचं. वर्षभर रविवार घालवून आम्ही एकतीस गोधड्या केल्या. त्यातली एक मायची.

ती मायनं मी शाळेत असताना शिवली होती. माझा निळा युनिफॉर्म, बाबांचे शर्ट, आणि बरोबर मधोमध पांढऱ्या लुगड्याचा वीतभर तुकडा. माझी आजी ते लुगडं नेसून छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेला गेली होती. दहा वर्षांची माय तिचं बोट धरून सोबत होती. हे सगळं मायनं माधुरीला समोर बसवून सांगितलं, माधुरीनं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, आणि चित्राखालचा मजकूर मी टाईप केला. मायचं नाव, गाव, पांढऱ्या तुकड्याची हकीकत.

प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती, म्हणून अकोल्याच्या कार्यक्रमाला मला जाता आलं नाही. दुपारी स्टाफरूममध्ये लिंक उघडली. पहिल्याच पानावर मायची वाकळ होती. खाली लिहिलं होतं — "माझ्या दिवंगत आईच्या हातची. मधला तुकडा आजीच्या पूजेच्या लुगड्याचा. माधुरी."

मी तीनदा वाचलं. मग फोन लावला.

"अगं, चुकून झालं," ती म्हणाली. "तयारी चालू असताना एका पाहुण्या बाईनं विचारलं, यात तुमच्या घरची कोणती? मी हीच म्हणून बोलून गेली. मग ते तसंच टाकावं लागलं."

"माझी माय जिवंत आहे, माधुरी."

"माहीत हाये मले. आठ दिवस जाऊ दे, बदलते."

आठ दिवस गेले. दहा गेले. अकराव्या दिवशी मीच बदलायला गेले, तर लॉगिन होईना. पासवर्ड बदललेला. ती फोन उचलेना. इतकं वाईट मला फक्त बाबा गेले तेव्हा वाटलं असेल. तेव्हा निदान जिच्यावर रागवावं अशी कुणी नव्हती.

त्याच दिवशी, काही कारण नव्हतं, मी स्टाफरूममध्ये लिंक उघडून वाकळ मोठी करत बसले. पांढऱ्या तुकड्यावर आले आणि थांबले. टाके नव्हते.

बाकी सगळीकडे मायचा धावदोरा ओळीने दिसत होता, तुकड्याच्या कडेपर्यंत. तिथून पुढे नुसतं कापड. मला वाटलं चित्र नीट लोड झालं नसेल. पण कापडाची वीण स्पष्ट दिसत होती, जुन्या हळदीचा एक डागही होता. माझ्या हार्ड डिस्कवरची मूळ फाईल उघडली. तिच्यात टाके जागच्या जागी. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं, मोबाईलवर पाहिलं, ब्राउझरमधलं जुनं साठलेलं सगळं पुसून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या देशमुख सरांना काही न सांगता लिंक पाठवली. ते चष्मा वर करून बघत म्हणाले, "मॅडम, मधला तुकडा शिवायचा राहिला का?"

मग मला एकच शंका आली. माधुरीनंच सॉफ्टवेअरनं टाके पुसले असतील, म्हणजे मूळ वाकळीशी ताडून पाहता येऊ नये. त्या रविवारी मी दर्यापूरला गेले. माय ओसरीवर तूर निवडत होती. मोबाईलवरची अक्षरं तिला चष्म्यानेही लागत नाहीत, त्यामुळे खाली काय लिहिलंय ते मी तिला सांगितलं नाही. फक्त चित्र मोठं करून समोर धरलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. "हे माह्या वाकयीचं नोहे."

"तुझीच आहे, माय. कुणी तरी उसवल्यासारखी दिसते ना?"

"उसवली नाई," ती म्हणाली. "उसवलं का कापडाले सुईचे भोकं रायतात. कितीबी धुव, जात नाईत. इथं पाह्य... एक तरी भोक हाये का?"

नव्हतं. मी आत जाऊन पेटीतली खरी वाकळ काढली. सगळे टाके शाबूत होते. मायनं अंगठ्यानं पांढरा तुकडा चाचपून पाहिला, घडी घातली आणि पुन्हा तूर निवडायला बसली. मी मात्र विचार करत राहिले. टाके पुसता येतात हे मला माहीत आहे. पण त्याखालची वीण इतकी अचूक, एकही भोक न ठेवता, वीतभर जागेत भरायची... हे माधुरीला येत नाही. मलाही येत नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत युनिफॉर्मचे निळे तुकडे गेले. म्हणजे तुकडे तिथेच, टाके गेले. मग बाबांचे शर्ट. दर वेळी मी स्क्रीनशॉट काढून ठेवत होते. बाकीच्या तीस गोधड्यांना काही झालं नव्हतं.

मग माधुरीचाच फोन आला. पहिलं वाक्य हे — "तू काहून असं करून राहिली?"

"मी?"

"लोक विचारून राहिले, हे कापड जोडलंय कशानं म्हणून. हे करता येणारी तूच एक आहेस. बदला घेऊन राहिली ना?"

"पासवर्ड तू बदलला, माधुरी."

मी म्हटलं, येते. आणि दुसऱ्या दिवशी दर्यापूरला जाऊन, वाकळ पिशवीत घालून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेले.

भर दुपार होती. तिनं पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी वाकळ तिच्या पलंगावर अंथरली आणि तिलाच तिच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला सांगितलं. सिस्टीममध्ये फाईल शेवटची बदलल्याची तारीख प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची होती. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही, हे आम्ही दोघींनी वाचलं. चित्रात आता फक्त कडेची लाल किनार शिवलेली उरली होती. माधुरीनं ती मोठी करून पाहिली, मग पलंगावरच्या किनारीशी ताडून पाहिली. मागे वळून पान पुन्हा लोड केलं. किनारीवर टाके नव्हते. दोन मिनिटांपूर्वी आम्ही दोघींनी ते पाहिले होते.

ती खुर्चीतून उठून पलंगाच्या कडेला बसली, वाकळीला अंग न लावता.

"तुह्याकडे माय हाये," ती म्हणाली. "माह्याकडे तिचा एक रुमाल नाई. त्या बाईनं विचारलं तेव्हा... मले एक दिवस तरी असावी वाटली."

"मागितली असती तर मायनं तुला शिवून दिली असती."

"माहीत हाये. म्हणूनच मागितली नाई."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, हेही लिहून टाकते. पण मी फक्त म्हटलं, "मजकूर बदल. मायचं नाव टाक, आजीचं दीक्षेचं लुगडं टाक. चित्र मी पुन्हा देते." ती हो म्हणाली. आजच करते म्हणाली. मला खाली रिक्षापर्यंत सोडायलाही आली.

बस बडनेऱ्याच्या जवळ आली तेव्हा मी लिंक उघडली. वाकळीचं पान काढून टाकलं होतं. त्या जागी दोन ओळी होत्या — "एका माजी सहकाऱ्याने केलेल्या छेडछाडीमुळे हे चित्र हटवले आहे. रसिकांनी कृपया समजून घ्यावे." खाली लोकांचे सहानुभूतीचे संदेश यायला सुरुवातही झाली होती. मी उत्तर तरी काय लिहिणार होते? टाके आपोआप गेले म्हणून?

याला आता सात महिने झाले. प्रदर्शन तीस गोधड्यांसह अजून चालू आहे, वर फक्त तिचं नाव आहे. माझ्याकडचे स्क्रीनशॉट मी दोन जाणकारांना दाखवले. दोघंही म्हणाले, चित्रात फेरफार केल्याची कुठलीही खूण सापडत नाही, हे कापड कधी शिवलंच गेलेलं नाही. मूळ फाईलही दाखवली. तीही खरी आहे म्हणाले.

परवा दर्यापूरला गेले होते. जेवता जेवता माय म्हणाली, "माधुरी यंदा दिवाईले आली नाई. काहून वो, भांडल्या का तुमी?"

"कामात असते," मी म्हटलं.

"तिले म्हना, तिच्यासाठी तुकडे जमवून ठेवले मी. येऊन रंग पसंत कर म्हना."