पंचावन्न किलोच्या आत

"ही बघा, टोपलीसकट चढली काट्यावर!"

सर असं बोलले आणि अख्खी टीम हसली. मीपण हसले. त्याचीच लाज मला आजपर्यंत वाटते.

बोईसरला आमच्या कबड्डीच्या मैदानाशेजारी पत्र्याची शेड होती. सराव संपला की सर तिथे वजनकाटा मांडायचे. एकेकीला वर चढवायचे आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचे. किशोरी गटाला पंचावन्न किलोची मर्यादा. माझं भरलं छपन्न किलो आठशे. मी पंधरा वर्षांची. चढाईला मी जायची, गुण मी आणायची, पण काट्यावर उभी राहिले की मी फक्त मासळीवालीची पोर.

"काल काय गिळलंस? सुके बोंबील?"

परत हशा.

माझ्या मागे एका शेटची मुलगी उभी असायची. तिच्या बापाचा इथे कारखाना, टीमच्या जर्सी त्याच्याकडून यायच्या. ती काट्यावर चढली की सरांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "ठीक आहे बेटा, उतर." आकडा वाचणं नाही, काही नाही. तिचं वजन माझ्यापेक्षा जास्त होतं, मला डोळे होते की! तिला गुपचूप वरच्या कुमारी गटात टाकलं. मलाही टाकता आलं असतं. पण खालच्या गटात कप माझ्यामुळे येणार होता, म्हणून मला खाली दाबायचं ठरलं.

जिल्ह्याच्या संघाची निवड पाच महिन्यांवर आली होती. मला ती जर्सी हवी होती. फार हवी होती. आमच्या किनाऱ्यावरच्या गावातून एकही पोरगी तिथवर गेली नव्हती. सरांना ते बरोबर ठाऊक होतं.

भर दुपारी प्लॅस्टिकचा रेनकोट घालून मैदानाला चकरा. पाणी दिवसाला एक ग्लास. तोंडात चिंच धरायची आणि सुटलेली लाळ मगात थुंकायची. सर मगात डोकावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून थुंक. फुकट जातंय वजन." मी थुंकायची. घरी आय माझ्यासाठी पापलेटाची तुकडी बाजूला काढून ठेवायची. बाजारात गिऱ्हाइकाला नाय म्हणून ठेवायची. मी ती मांजरीला घालायची आणि आयला सांगायची, जेवले.

मग पाळी थांबली. एक महिना, दोन महिने, तीन. मी धीर करून सरांना सांगितलं. बाप्याला हे सांगताना किती मेल्यासारखं होतं ते बायकांना विचारा. सर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले,

"बरं झालं. कटकट गेली."

आयच्याही ध्यानात आलं. तिने दार लावलं, माझा दंड धरला. "खरं सांग. कोन हाय तो?"

"कोनी नाय गं आय."

तिने मला दोन मुस्काटात दिल्या. मग स्वतःच रडत मला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "तुम्ही समजता तसं काही नाही. ही पोरगी उपाशी आहे."

आयला ते कळेचना. "उपाशी? बाई, आमी मासळीवाले. माज्या घरात पोर उपाशी कशी राहील?"

आय बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि आयाबाया बघत असताना मोठ्याने रडली. माझ्या आयला मी कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. तिने मुस्काटात मारलं ते दुखलं नव्हतं, हे दुखलं.

तरी मी निवडीला गेले. मूर्खच मी! आयच्या पाया पडले, एवढ्या एका वेळेला जाऊ दे म्हणाले, आणि पालघर गाठलं.

तिथे काट्यावर पंचावन्न किलो तीनशे भरलं. एक तासाची मुदत मिळाली. सरांनी मला नळाकडे नेलं. हातात मग दिला, चिंच दिली. खिशातून कात्री काढली.

"वेणी काप. शंभर-दीडशे ग्रॅम जाईल. बाकीचं थुंक."

माझी वेणी कमरेपर्यंत होती. मी कात्रीकडे बघत राहिले.

"बघतेस काय? नाहीतर जा, आईसोबत बाजारात बस. तुम्हा लोकांना तेवढंच जमतं."

माझ्या डोक्यात सणकच गेली. पायरीवर बसलेली आय दिसली. तिचे हात दिसले, बर्फाने फुटलेले. त्या हातांनी तिने मला वाढलं होतं आणि मी ते जेवण या माणसासाठी मगात थुंकत होते! मी कात्री खाली ठेवली. चिंच फेकून दिली. नळ सोडला, ओंजळ लावली आणि प्यायले. घटाघटा. पोट तट्ट होईपर्यंत.

"ए, वेड लागलं का? काय करतेस?"

"पाणी पिते, सर."

"संपलीस तू."

"मी उपाशी खेळणार नाय."

जर्सी मिळाली नाही. चार दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले, खोटं कशाला सांगू? पुढचं वर्षभर पाळी धड आली नाही. आजही एका दमात दोन चढाया केल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आता मी वीस वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. तुमच्या गावात दोन चपळ पोरी आहेत म्हणे, पाठव त्यांना माझ्याकडे. मी आधी त्या दोन्ही घरी गेले. सगळं सांगितलं, पाळीचं, मगाचं, कात्रीचं. एकीने माझ्या तोंडावर दार आपटलं. तिला जिल्ह्याला खेळायचंय, आणि मी तिच्या वाटेत आले असं तिला वाटतं. वाटू दे. तिला मी शिकवीन, जेवूनखाऊन खेळायला शिकवीन, आणि तिच्या वजनाला जो गट असेल त्यात उतरवीन.

मग सरांना फोन केला. म्हटलं, आमच्या गावातून मी एकही पोर पाठवणार नाही. आणि तुमच्या आताच्या टीममधल्या पोरी मला माहीत आहेत. वाणगावच्या दोघी, मनोरची एक, बाकीच्या बोईसरच्या. प्रत्येकीच्या घरी जाणार आहे. आईच्या समोर बसणार आणि विचारणार, पोरीला शेवटची पाळी कधी आली?

"बदनामी करशील तर याद राख," सर म्हणाले.

करणार. तुमचं नाव घेऊन करणार. रविवारी वाणगावपासून सुरुवात आहे, आणि माझी आय सोबत येणार आहे.