दुमडलेला पडदा

छावणीतल्या क्वार्टरमधली आमची शेजारीण पडदा कधी कापत नसे. आम्हा दोघींचे नवरे फौजी, दर दोन-तीन वर्षांनी बदली. नवी खिडकी लहान निघाली की ती पडद्याची खालची कड दुमडून टाके घालायची.

"कापायचं नाय, ताई. म्होरली खिडकी लांब निघाली तर?"

मी दर बदलीला मापात कापत आले, त्यामुळे आमची एक ट्रंक नुसत्या आखूड पडद्यांनी भरली आहे.

तिचे यजमान रिटायर झाले, कन्नड गावी स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीला मी मुद्दाम कात्री नेली.

"आता तरी काप की गं!"

तिनं माप घेतलं, कात्री धरली आणि परत खाली ठेवली. मग वीतभर कापड दुमडलं.

"खिडकी आपली हाय, ताई. पर हाताला अजून पटंना."

सुईत दोरा मी ओवून दिला, चौथ्या प्रयत्नाला.